एकशे अडुसष्ट भागाकार

...पाटीवरच्या शेवटच्या १ च्या शेपटीवर रंगाचा पांढरा थेंब वाळला होता. सरांनी तो नखाने खरवडला, तेव्हा खालचा काळा रंगही थोडा निघून आला. भिंती रंगवायच्या म्हणून ही पाटी महिनाभर उतरवून ठेवलेली; आज शिपाई ती परत गणिताच्या वर्गाबाहेर ठोकणार होता. १०१८०८१. खाली : ‘आपल्या शाळेची मूळ संख्या’.

मूळ. एक आणि स्वतः, याखेरीज कशानेच भाग न जाणारी. ऐन उमेदीतल्या एका सुटीत त्यांनी तिला हजाराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्यांनी हाताने भागून पाहिलं होतं — एकशे अडुसष्ट भागाकार. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, मग पुढे कशाला जायचं? पण संख्या दहा लाखांहून अठरा हजारांनी मोठी, तिचं वर्गमूळ हजाराच्या जरासं पलीकडे... हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

वीस वर्षांपूर्वी आठवीतली एक दोन वेण्यांची मुलगी भर वर्गात उठली होती.

“सर, हा एक हजार नऊचा वर्ग आहे.”

“मी एकशे अडुसष्ट भागाकार केलेत. तू किती केलेस?”

“एकच.”

वर्ग खो खो हसला. आधी मी हसलो, सरांना आठवलं... हो, सुरुवात माझीच. संध्याकाळी घरी गुणून पाहिलं — बरोबर. पुन्हा गुणलं, पुन्हा बरोबर. उद्या वर्गात सांगू, म्हटलं. ते उद्या वीस वर्षं चाललंय.

“सर, ओळखलंत?”

दारात तीच. वेण्या नाहीत, हाताशी लेक, पाचवीच्या प्रवेशाचा अर्ज. पडदे शिवते म्हणाली. मग पाटी दिसली आणि ती मोकळेपणी हसली.

“बघ, हिच्यापायी माझी काय फजिती झाली होती! म्हणे, एक हजार नऊचा वर्ग!”

“मग, नव्हता?” लेकीने विचारलं.

“अगं, सरांनी सगळ्या संख्यांनी भागून पाहिली होती. मी एकदाच केलेलं, चुकलंच असणार. लाजेने परत करूनही पाहिलं नाही. तेव्हापासून गणित म्हटलं की हातपायच गळायचे.”

त्यांचे कान तापले. इतकी वर्षं ते समजत होते, ही लाज आपली एकट्याची, आपण ती निमूट सोसतोय — कसलं सोसणं! ती तर हिने वाहिली, चूक नसताना, आणि वर हसून सांगतेय. ‘तूच बरोबर होतीस’, एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य. एकच.

“सर, पाटी नेऊ ना?” शिपाई हातोडी घेऊन आला.

“थांब जरा.”

“का हो?”

लेक पाटीवर वाकली होती, तिचे ओठ हलत होते, बोट हवेत आकडे मांडत होतं. “नऊ नवे एक्क्याऐंशी... हातचे आठ...” पाटी दोन्ही हातांनी धरून सर तिच्या बोटाकडे बघत राहिले. लाज होतीच, तसूभरही कमी झाली नव्हती. पण हिचा हातचा चुकू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.