रोज एक घर पुढे

मी एक जुना लाकडी पट आहे, मित्रांनो. बुद्धिबळाचा नव्हे, सारीपाटाचाही नव्हे. माझ्यावर बारा ओळी आहेत, प्रत्येक ओळीत तीस छिद्रं, आणि सगळ्यांना मिळून एकच पितळी खुंटी. छिद्रांना आमच्याकडे घरं म्हणतात. एक घर म्हणजे एक दिवस. पण तो एका वेगळ्याच जगातला. तिथे घोड्यांवरचे सरदार आहेत, दगडी गढ्या आहेत, रुंद नदी आहे. ते जग कुठेही नाही, आणि तरी मी त्याचे दिवस मोजले आहेत. मला छाती नाही, पण हे आठवलं की दडपून जायला होतं.

सुतारदादांनी मला एका मोडक्या दाराच्या फळीतून घडवलं. सातव्या ओळीत त्यांचा हात चुकला आणि तीसऐवजी एकतीस घरं पडली. "ही चूक नाही, सुट्टी आहे," ते शांतपणे म्हणाले. झालं! तेव्हापासून त्या जगात सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कोणी नांगर धरत नाही की तलवार उपसत नाही.

रविवारी दुपारी चौघं जमायची: भूगोलाच्या बाई, बेकरीत पाव भाजणारा त्यांचा धाकटा भाऊ, सुतारदादा आणि दवाखान्यातल्या नर्सबाई. सोंगं घेऊन खेळायचा खेळ होता तो. भाऊ सरदार व्हायचा, नर्सबाई जडीबुटीवाली, सुतारदादा चोर. आणि उरलेलं सगळं जग, राजापासून कोंबडीपर्यंत, एकट्या बाई. अवघड प्रसंग आला की फासे टाकायचे. बाईंचा नियम एकच, पण कडक होता. इथे एक दिवस गेला की तिथेही एक दिवस जाणार, मग तुम्ही खेळा किंवा खेळू नका. खुंटी रोज सकाळी एक घर पुढे, मागे कधीच नाही; बारावी ओळ संपली की नवं वर्ष, पुन्हा पहिल्या घरापासून.

नर्सबाईंनी तिथे सफरचंदाचं रोप लावलं, तेव्हा मला वाटलं, पुढच्या रविवारी फळं येतील. कसली येतात! सहा वर्षं लागली. तोवर इथे नर्सबाईंची मुलगी शाळेत जायला लागली होती. पहिलं फळ धरल्याचं बाईंनी सांगितलं, तेव्हा चारही मोठी माणसं टेबलावर वाकली. टेबलावर सफरचंद नव्हतंच, पण सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

सरदाराला त्या जगात एक सहा वर्षांची लेक होती. एका रविवारी खेळ आटोपता आटोपता त्याने तिला नदीकाठच्या नावाड्याकडे ठेवलं. "आठ दिवसांत येतो," म्हणाला. त्याच आठवड्यात भावाने दुसऱ्या शहरात स्वतःची बेकरी काढायचं ठरवलं. थोरली म्हणून बाई दोन शब्द जास्त बोलल्या. धाकटा म्हणून त्याने ते फारच मनाला लावून घेतले. तो गेला. पत्र नाही, फोन नाही. सरदाराशिवाय खेळ रंगेना, आणि हळूहळू बाकीचे दोघंही यायचे थांबले.

आता आपली रवानगी माळ्यावर, असं मी धरून चाललो होतो. पण पहिल्या रिकाम्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी बाई आल्या आणि खुंटी एक घर पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. ताप असो, शाळेत परीक्षा असो, नऊ वर्षं हे चाललं. एक ओळ संपली की बाई एकट्या बसून फासे टाकायच्या आणि वहीत लिहायच्या. पूर आला. नावाड्याचा खोकला वाढला. लेक पोहायला शिकली. कोणी पाहत नसताना तिथे पिकं वाढत होती, पूल खचत होते, माणसं म्हातारी होत होती. एवढं मोठं जग माझ्या अंगावरून दिवसाला बोटभरसुद्धा नाही इतक्या सावकाश चालीने जात होतं!

मग एका दुपारी भाऊ आला. कानशिलावरचे केस पांढरे झालेले. टेबलावर पाव ठेवून तो उभाच राहिला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"ताई, अजून चालवतेस?"

बाईंनी मान डोलावली.

"चल मग, तिथूनच सुरू करू. आठवा दिवस लाव. मी वेळेवर पोचलो, असं धरू." त्याने खुंटी उपसलीसुद्धा.

मित्रांनो, त्या क्षणी त्या जगात कुठलाच दिवस नव्हता. नऊ वर्षांचे पूर, पिकं, पोहायला शिकलेली ती पोर, सगळं त्याच्या चिमटीत होतं. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही.

बाईंनी त्याचा हात धरला नाही. त्यांनी वही उघडली आणि वाचू लागल्या. नावाडी वारला. लेक होडी चालवू लागली. आता ती पंधरा वर्षांची आहे. ऐकता ऐकता भाऊ खुर्चीत बसला.

"ती अजून वाट बघते का गं?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यासाठी फासे टाकले मी. त्याच्यासाठी नाही टाकले. धीर नाही झाला."

त्यांनी फासे त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते घेतले नाहीत. मग त्याने खुंटी आजच्या घरात बसवली, अगदी घट्ट.

"मी घाटावर उतरतो," तो सरदाराच्या आवाजात म्हणाला. मग स्वतःच्याच आवाजात पुढे म्हणाला, "तिला सांगतो, मला उशीर झाला."

बाईंना आता लेक होऊन उत्तर द्यायचं होतं. त्यांनी डोळे पुसले.

"हो, झाला," त्या म्हणाल्या. "बसा होडीत."

मित्रांनो, मला तेलपाणी करा, उन्हात ठेवू नका, असं मी सांगणार होतो. पण ते राहू दे. तुम्ही कुणाला 'येतो' म्हणून आला असाल, तर जा. तुम्ही बघत नाही म्हणून तिथले दिवस थांबलेले नाहीत.