दोन कुंपणांमधली वाट

शेजारच्या तिबुर्सियोनं जमीन विकायला काढली तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. विकेना का, जमीन त्याची. पण माझ्या घरापासून बसच्या रस्त्यापर्यंतची वाट त्याच्याच जमिनीतून जाते. ती गेली तर डोक्यावर चीजची टोपली घेऊन मला रोज डोंगराला वळसा घालावा लागणार, चांगला तासभर. माझ्या नवऱ्याला, बर्नाबेला, साप चावला होता तेव्हा चौघांनी झोळीत घालून याच वाटेनं पळवत नेला. वळशानं नेला असता तर मी आज विधवा असते.

"आणि तुझं खारट चीज चाखायला कोण असतं?" असं बर्नाबे म्हणतो. या माणसाला कशातही थट्टाच सुचते.

घेणारी बाई कॅनडाची, मॉरीन; आम्ही मानानं दोन्या मॉरीन म्हणायचो. साठीची, एकटी. तिबुर्सियो शहरात लेकीकडे गेला आणि कागद व्हायच्या आधीच ही त्याच्या घरात राहायला आली. आता मोजणीवाला येणार होता. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी हद्द बरोबर आहे म्हणून सही द्यायची, त्यात पूर्वेची सही माझी.

"मग सही करताना सांग की, वाट कागदावर घाला म्हणून," बर्नाबे म्हणाला.

"तू सांग ना."

तेही त्याला जमणारं नव्हतं. तिबुर्सियो माझ्या थोरल्याचा धर्मपिता. आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणतो, आणि कोम्पाद्रेनं शब्द दिल्यावर वर कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. जाताना तो म्हणालाच होता, "वाट कोण अडवतंय, कोमाद्रे? आजवर कुणी अडवली?" खरंच, आमच्याकडे वाट कुणी कधी लिहून घेतलीच नाही. खाली समुद्राकाठच्या गावानंही घेतली नव्हती. तिथं आता परदेशी लोकांची फाटकं आहेत, आणि कोळी आपल्याच होड्यांकडे लांबून फिरून जातात.

मला एक उपाय माहीत होता. गिरिपुष्पाच्या काठ्या जमिनीत रोवल्या की फुटतात, आमची सगळी कुंपणं तशीच झालेली. आणि दोन जिवंत कुंपणांच्या मधली पट्टी मोजणीवाला वहिवाट म्हणून नकाशावर काढतोच, विचारतसुद्धा नाही. वाळक्या काठ्या मात्र चालत नाहीत. त्या कालच रोवल्यात हे आंधळ्यालाही कळेल. मोजणीला पाच आठवडे होते.

दोन्या मॉरीन बाजाराला गेली त्या दिवशी मी साठ काठ्या तोडल्या.

"अगं, चंद्र चढता आहे," बर्नाबे म्हणाला. "चढत्या चंद्रात तोडलेली काठी कुजते. लहान पोराला कळतं हे."

"मग चंद्राला सांग, दोन आठवडे लवकर उतर म्हणावं."

पुटपुटत का होईना, खड्डे त्यानंच खणले. वाटेच्या दोन्ही अंगांना तीस तीस काठ्या. मी चोरासारखी सारखी मागं बघत होते.

त्यानंतर मला चैन नाही. चीज नासलं, बर्नाबेवर उगाच खेकसले. रोज सकाळी बसकडे जाताना दोन-तीन काठ्यांची साल नखानं खरवडून बघायची. हिरवी दिसली की बरं वाटायचं, तपकिरी दिसली की दिवस वाईट जायचा. कोरडे दिवस, जमीन तव्यासारखी तापलेली.

आठव्या दिवशी बघते तर दोन्या मॉरीन बादली घेऊन काठ्यांना पाणी घालत होती. कुंपणाला पाणी घालणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दोन्या, काठ्या आहेत त्या," मी म्हटलं.

"हो. तहान लागला त्यांना," ती म्हणाली, आणि पुढच्या काठीकडे गेली.

तिच्याच जमिनीची पट्टी मी लाटत होते आणि ही बया त्या चोरीला पाणी घालत होती. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी खाली मान घालून निघून जायचे. ती रोज पाणी घालायची.

मोजणीच्या दिवसापर्यंत साठातल्या एकावन्न काठ्यांना पालवी आली होती.

मोजणीवाल्यानं यंत्र रोवलं, वाटेकडे पाहिलं. "हे कुंपण कुणाचं?"

तिबुर्सियो खास त्यासाठी शहरातून आलेला. तो काठ्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. माझी नजर जमिनीत. "माझं नाही," तो हळूच म्हणाला.

"माझं," दोन्या मॉरीन म्हणाली. "मी पाणी घातला."

"दोन्ही कुंपणं तुमची, मग मधली पट्टीही तुमचीच धरतो."

संपलं, मी मनात म्हटलं. केलेलं सगळं माझ्याच अंगाशी आलं.

"नाही नाही. कुंपण माझं. मधून ही मेलिंदा जाते. रोज, सहा वीसला. मी खिडकीतून बघते. ते लिहा."

त्यानं लिहिलं. मी सही केली. जाताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्या दिवशी बस चुकली माझी. खड्डे खणताना बघितलं तुम्हाला." रागानं नाही, हसून. मला धड हसताही आलं नाही.

तिबुर्सियो त्यानंतर मला कोमाद्रे म्हणाला नाही, नुसतं मेलिंदा म्हणतो. ते मला लागलं, पण ते मी कमावलेलंच होतं.

दोन्या मॉरीनच्या वाट्याला आलं ते मात्र तिनं कमावलेलं नव्हतं. दोन वर्षं ती बाई त्या घरात एकटी राहिली. खिडकीत कप घेऊन बसलेली असायची, मी दिसले की हात वर करायची. एकदाही मी आत जाऊन तिच्याबरोबर कॉफी घेतली नाही. तोंड दाखवायची लाज वाटायची. मी नुसती मान हलवायचे आणि पाय उचलायचे, बस चुकेल म्हणून. बस कधी चुकली नाही. मग एक दिवस कळलं, ती विकून चालली. बर्नाबेला म्हणाली, इथं बोलायला कुणी नाही.

नव्या मालकानं घर पाडून नवं बांधलं, उंच. त्याची भिंत माझ्या वाटेपाशी येऊन थांबते, कागद तसा आहे. काठ्यांची झाडं झालीत, वाटेवर सावली असते. सहा वीसला तिथं आले की माझा हात आपोआप वर जातो. नव्या घराला या बाजूनं खिडकीच नाही.