बहात्तरच्या आधी सात

वहिनीला आपल्या दोन बटणांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. एक 'लागू करा', दुसरं 'रद्द करा'. धाकट्या दिराच्या कारखान्यात वरखाली होणारी टेबलं बनत, आणि ती कॉम्प्युटरवरून हलवायची सेटिंगची खिडकी तिने आखली होती. टेबलं कसली, पैलवानच. एकदा हिशेबनीस जेवून टेबलावर आडवा झाला, तेवढ्यात कुणीतरी उंची वाढवली. गड्याने छताला नाक लावून झोप पुरी केली आणि मगच खाली यायचं कबूल केलं.

दिराला मात्र ती बटणं खुपत होती.

"वहिनी, फोनवर कसं, बोट लावलं की काम झालं. तुमचं टेबल आपलं दर वेळी विचारणार, करू का, करू का."

"दिव्याचं ठीक आहे, भाऊजी. चालू नाहीतर बंद. उंची म्हणजे आकडा. तो लिहून पुरा होईपर्यंत टेबलाने थांबायला नको?"

"माझं टेबल कुणासाठी थांबत नाही."

त्याने बटणं काढायला लावली. वर बजावलं, की आज ग्रंथपालबाईंना टेबल असंच पसंत पडलं, तर खिडक्या आखणं बंद, उद्यापासून वहिनींनी पॅकिंग बघायचं.

"बघेन की," वहिनी म्हणाली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन ऐसपैस बसली, नाटकाला पहिल्या रांगेत जागा मिळाल्यासारखी.

ग्रंथपालबाई वाचनालयासाठी टेबलं बघायला आल्या. दिराने टेबलापाशी खुर्चीत बसून, समोरच्या कॉम्प्युटरवरून टेबलावरचा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला, टिचकीसरशी. बाई खूश. "आता उभं राहून वाचायचंय, तर उंची एकशे दहा," म्हणत त्याने बोटाने पहिला एक दाबला. तो टायपिंग एकाच बोटाने करी.

टेबलाने एक म्हणजे एकच धरला. एक सेंटिमीटर गाठायला निघालं, ते थेट दिराच्या मांड्यांवर येऊन टेकलं. घाबरून त्याने दुसरा एक दाबला. अकरा झाले, टेबलाने आणखी रेटा दिला. पोटाच्या धक्क्याने कीबोर्ड सरकून पलीकडच्या कडेवर लोंबायला लागला, कमरेचा पट्टा टेबलाच्या कडेत अडकला, आणि दिराच्या हाती उरला फक्त माउस. त्याने दाबायचं काय? पडद्यावर बटण होतं कुठे?

ग्रंथपालबाईंनी कीबोर्ड उचलला. "शून्य दाबू?"

"दाबा की," वहिनी म्हणाली. "टेबल एकशे दहावर जाईल. पट्टा अडकलाय, तेव्हा सोबत पँटही जाईल."

"शून्य नको," दीर म्हणाला.

"मग आधीची उंची टाकते. बहात्तर ना?" बाईंनी विचारलं.

"बहात्तरच्या आधी सात येतो, बाई," वहिनी म्हणाली. "टेबल पुन्हा खाली जोर लावणार."

"सात तर मुळीच नको. थांबा, मी ही खिडकीच बंद करतो."

"तसं करू नका, भाऊजी. आधीची उंची त्या खिडकीच्याच ध्यानात आहे. बंद केलीत की तीही गेली."

"मग मी करू काय?"

"बसा. बटणं परत आणते."

बसण्यावाचून दिराला दुसरं काही जमण्यासारखं नव्हतंच. वहिनीने घाई केली नाही. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, मग कामाला लागली. बाई अडकलेल्या दिराच्या पुढ्यात टेबलाचं लाकूड, सांधे, रंग निवांत पाहत राहिल्या. पडद्यावर दोन बटणं उगवली आणि दिराने 'रद्द करा' वर असा माउस मारला, की टेबलही दचकलं असावं. ते अदबीने बहात्तरवर जाऊन उभं राहिलं.

"एक सांगा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मधे मी दिवा विझवला असता, तर 'रद्द करा'ने आता तोही पुन्हा लागला असता का?"

वहिनीचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती कधीची वाट पाहत होती.

"नसता लागला. दिवा वेगळ्या खिडकीत, उंची वेगळ्या. लगेच होणारं आणि थांबणारं, दोन्ही एका घरात नांदत नाहीत."

"मग वाचनालयाला अशीच द्या. बटणांसकट."

दीर पट्टा सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "वहिनी, ते 'रद्द करा' जरा मोठं होईल का?"

"होईल. किती मोठं?"

"टेबलाखालून दिसेल एवढं."