दोरावरची झुंबर

सौमित्रच्या गळ्यात त्या आठवड्यात जो फास पडला, तो त्यानेच मोठ्या हौसेने वळला होता.

अमेरिकेत रेडमंडच्या ज्या स्टुडिओत तो नोकरीला होता, तिथे एक फायटिंग व्हिडिओ गेम बनत होता. निरनिराळ्या गेम्समधली गाजलेली पात्रं एका आखाड्यात उतरवायची आणि आपसांत झुंजवायची. लग्नात दोन्हीकडचे पाहुणे एका पंगतीला बसवावेत तसाच प्रकार, फक्त इथे पाहुणे एकमेकांना बुकलून काढतात. सगळी पात्रं ठरली होती, एकच जागा उरली होती. ती कुणाला द्यायची हे ठरायचं तीन गोष्टींवर: लोकांची मतं किती, मूळ मालक हक्क देतो का, आणि इतर कुणाला येत नाही असं त्या पात्राला काय येतं.

सौमित्रने नाव सुचवलं झुंबरचं. झुंबर म्हणजे जत्रेत दोरावर चालणारी एक चुणचुणीत पोर. कॉलेज संपल्यावर पुण्यात त्याने आणि देवयानीने मिळून तिचा गेम केला होता. देवयानीने तिला चितारलं, सौमित्रने तिच्या हालचाली बसवल्या. मग एका कंपनीने तो गेम विकत घेतला, झुंबरचे हक्कही कंपनीचेच झाले. सौमित्र अमेरिकेला आला. देवयानी मागे राहिली आणि त्या कंपनीच्या नाकदुऱ्या काढून तिने दुसरा भाग करायची परवानगी मिळवली. गेली कित्येक वर्षं ती त्यातच बुडालेली होती. आपली झुंबर इथे गाजली तर देवयानीचं भलंच होईल, असा सौमित्रचा साधा हिशोब होता.

स्टुडिओतल्या माणसांनी मतं मागायची नाहीत, असा कडक नियम होता. पण मराठी माणसाला मंडळ कशासाठी असतं? त्याने मतदानाची लिंक गुपचूप सुमित्राकाकूंना धाडली. काकू महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष. "आपली मराठी मुलगी उभी आहे, मत द्या!" असा त्यांचा निरोप सगळ्या ग्रुपांवर फिरला, दुसऱ्या गावांतल्या मंडळांनाही गेला. ज्यांना टीव्हीच्या रिमोटवरची बटणं सापडत नाहीत, अशा काकाकाकूंनी भराभर मतं दिली. झुंबर पहिली आली. सौमित्रने घरी बायकोकडून, वल्लरीकडून, श्रीखंड करवून घेतलं.

शेवटच्या निवडीच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी देवयानीचा फोन आला.

"तुला माहीत होतं का रे?" तिचा आवाज बसला होता. "तुमच्या गेममध्ये आली की पाच वर्षं झुंबर दुसरीकडे कुठेच दिसायची नाही. तुमच्याच लोकांची कंडिशन आहे, आणि कंपनीने ती मान्यही केलीय. सिलेक्ट झाली की माझी परवानगी कॅन्सल."

"देवू, शप्पथ, मला यातलं काहीच..."

"मग तिला घेऊ देऊ नकोस यार. एवढंच कर."

एवढंच! मतं मी गोळा केली, हे एक वाक्य बोललं की झुंबर सुटणार होती. पण नोकरी जाणार, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. त्या व्हिसाला वल्लरीचं इथलं राहणं आणि लेकीची, अनयाची, शाळा बांधलेली. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्याला एक पळवाट दिसली. मीटिंगमध्ये डायरेक्टर मेगनने झुंबरबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी चुकलो. झुंबर फायटरच नाही. ती कुणावर हात उचलत नाही. नुसता वार चुकवते, तोल सांभाळते, आणि समोरचा आपल्याच जोराने कोसळतो. इथे तिचं काय काम?"

सौमित्रला वाटलं, सुटलो.

मेगन टेबलावर थाप मारून उठली. "आपल्याकडे मारणारे ढिगाने आहेत. न मारता जिंकणारं कुणी आहे? हीच हवी!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सौमित्रनेही वाजवल्या.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" मेगनने त्याच्याकडेच बघत विचारलं.

'मतं मी गोळा केली,' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. "नाही," तो म्हणाला.

"मग हरल्यावर ती पडते कशी, ती हालचाल शुक्रवारपर्यंत करून दे. तुझ्याइतकी तिला कोण ओळखतं?"

जागेवर येऊन त्याने जुन्या फाइली उघडल्या. झुंबरचं पडणं त्यांत कुठेच नव्हतं. तिचा पाय चुकला तर ती एका हाताने दोराला लोंबकळायची, तेवढंच. 'आपल्या पोरीला जमिनीवर पडलेली मी काढणार नाही,' असं देवयानी तेव्हा भांडून म्हणाली होती.

फोन थरथरला. देवयानीचा मेसेज होता. "बोललास ना?"

त्याने फोन पालथा घातला आणि काम सुरू केलं. पहिल्यांदा तिचा दोरावरचा हात सोडवावा लागला.