निळी चिंधी

१९६१ सालची गोष्ट. मित्रांनो, मी आयर्लंडच्या केरी परगण्यातली एक जुनी विहीर आहे. गुडघाभर पाणी, भोवती दगड आणि वर वाकलेले एक काटेरी झाड, एवढीच मी. मला कोणी बांधले, ते आता आठवत नाही. लोक माझ्याभोवती सात फेऱ्या घालत, डोळ्यांना पाणी लावत आणि दुखणेकऱ्याच्या कपड्याची चिंधी झाडाला बांधत. चिंधी कुजून गळली की दुखणे गेले, असे मानत. जो चिंधी सोडील, त्याला ते दुखणे लागते, असेही म्हणत.

त्या मे महिन्यात गोबनेट आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, डर्वलाला घेऊन आली. मुलीच्या डोळ्यांवर पांढरा पडदा येत होता. बॉस्टनच्या आत्याने पाठवलेला निळा झगा मुलीच्या अंगात होता. गोबनेटने त्याचीच कड फाडून झाडाला बांधली.

"आता ही कुजू दे. मध्येच डॉक्टर केला तर विहीर रुसते," ती म्हणाली.

मी कधी रुसले नाही. मला ते येत नाही.

वर्ष गेले. बाकीच्या चिंध्या काळ्या पडून गळाल्या. निळी तशीच राहिली. डर्वला आता माझा काठ हाताने चाचपू लागली.

माझी झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या हॅनाने एकदा ती चिंधी बोटांत धरून पाहिली. "गोबनेट, हे नायलॉन आहे गं. हे तुला मला पुरून उरेल."

"मग सोड की, मावशी."

"मी? आमचा चर्चमधला फादर पत्त्यांत लबाडी करतो. त्याच्यावर नजर ठेवायला मला डोळे लागतात बाई."

गोबनेट हसली नाही. तिने दातांनी गाठ सोडली आणि चिंधी खिशात घातली. दुसऱ्या सकाळच्या बसने ती मुलीला कॉर्क शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उशीर झाला होता. उजवा डोळा वाचला, डावा गेला.

हॅना तीन वर्षांनी वारली. पत्त्यांत शेवटपर्यंत हरली. डर्वला शिक्षिका झाली. गोबनेटला म्हातारपणी दिसेनासे झाले. चिंधीमुळेच, असे लोक म्हणाले.

"असेल. मीच मागून घेतलं होतं," ती म्हणायची.

खरे काय, मला ठाऊक नाही. आता घरोघर नळ आहेत. झाडावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या फडफडतात.

मित्रांनो, माझ्या पाण्यात घाण टाकू नका. चिंधी बांधायचीच तर सुती बांधा. आणि ती कुजायची वाट पाहू नका.