पिसांची पूड

"पाणी प्या हो जरा, घसा फाटेल!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

कवळीकाकांनी पेपरातून डोकं वर काढलं. ते खोकलेच नव्हते! हातात चहाचा कप, नाकावर चष्मा, घसा अगदी ठणठणीत. तेवढ्यात पुन्हा तोच खोकला. तीन कोरडे ठसके, मग एक लांबलचक ओढलेला श्वास आणि शेवटी बारीक शिटी. हुबेहूब त्यांचाच. आणि आला कुठून, तर आतल्या पाखरांच्या खोलीतून.

लेक धावत गेली, दार किलकिलं करून बघून आली आणि हसून हसून भिंतीला टेकली.

"बाबा, करड्या! करड्या खोकतोय! तुरा उभा करून, मान पुढे काढून, अगदी तुमच्यासारखा!"

करड्या म्हणजे त्यांचा सगळ्यांत जुना कॉकाटील, पोपटाच्या जातीतला. अंगाने राखेसारखा, तोंड पिवळं, गालांवर दोन नारिंगी ठिपके, आणि नकलांमध्ये एक नंबर. लेकीने लगेच मोबाईल काढला. तिला घरात साळुंकी म्हणत. एवढी पाखरं असूनही सगळ्यांत मोठा आवाज तिचाच, म्हणून.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. ती हसत नव्हती.

"करड्याला दाराची घंटा शिकायला किती दिवस लागले होते?"

"झाले असतील दोन-तीन महिने," काका पेपरात बघत म्हणाले.

"आणि ती रोज वाजायची. मग हा खोकला मी का नाही ऐकला इतके दिवस? आत जाऊन, दार लावून खोकता ना? आम्हाला कळू नये म्हणून?"

काकांनी पेपराचं पान उलटलं. तेही दोनदा. साळुंकीने मोबाईल हळूच खाली घेतला.

कवळीकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवायचे. साळुंकीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. कवळी तोंडात बसवायचे डॉक्टर, कौतुक व्हायचं डॉक्टरांचं, पण अर्ध्या गावाचे दात काकांच्या हातचे! रस्त्यात कोणी हसलं की ते आधी दातांकडे बघून मान डोलवायचे आणि मग, हा माणूस कोण बुवा, म्हणून विचारात पडायचे.

त्या कामात हिरड्यांसाठी एक गुलाबी पावडर लागते. कवळी यंत्रावर घासली की तिचा धुरळा उडतो. काका नाकातोंडाला पट्टी बांधल्याशिवाय यंत्राला हात लावत नसत. एवढी काळजी! घरी आले की ती पट्टी खुंटीला, आणि स्वारी थेट पाखरांत.

"त्या पावडरीनेच खाल्लंय तुम्हाला," बायको म्हणाली. "बास झालं. सोडा ते काम."

शेजाऱ्यांनाही तसंच वाटलं. दातांचे डॉक्टरही म्हणाले, की हो, घरी विश्रांती घ्या. काकांना तर मनातून आनंदच झाला. कवळ्यांचा कंटाळा नव्हता हो, पण दिवसभर पाखरांत बसायला मिळणार म्हटल्यावर कुठलं काम आणि कुठलं काय! घरात एक भयंकर गोष्ट पाऊल न वाजवता चालली होती, आणि सगळे मिळून तिला वाट करून देत होते.

पाखरांची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत उजेडाची खोली. एका भिंतीला बजरीगर: हिरवे, आभाळी, पिवळे, एक जांभळट, सगळे मुठीत मावतील एवढे आणि सकाळपासून नुसती कचकच. दुसऱ्या भिंतीला कॉकाटील. ते जरा मोठ्या घरातले असल्यासारखे बसायचे, तुरा वर-खाली करत. थंडीचे दिवस होते म्हणून खिडक्या बंद, आणि थंडी सरता सरता एका जोडीने अंडी घातली म्हणून बंदच राहिल्या. काका पंखासुद्धा लावू देत नसत. वारा लागला तर?

आणि खोलीभर ती पूड. कॉकाटीलच्या अंगावर काही पिसं अशी असतात की ती आपोआप झिजून बारीक भुकटी होतात, चेहऱ्याच्या पावडरीपेक्षाही मऊ. पक्ष्याने पंख झटकले की उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगताना दिसायची.

"काय सुंदर दिसतं बघ," काका म्हणायचे आणि तिथेच खुर्ची टाकून बसायचे.

बायको रोज कपाटं पुसायची, रोज फडका पांढरा व्हायचा. ती वैतागून म्हणायची, "पीठ चाळताय की पाखरं पाळताय?"

त्या अंड्यांवर काकांचा जीव टांगलेला होता. साळुंकीला त्यांनी खुर्चीशेजारी बसवून समजावलं होतं.

"मला पूर्ण पांढरं पिल्लू हवंय. गालावरचा ठिपकासुद्धा नको."

"मग पांढरी जोडी आणायची. सोप्पं!"

"विकत आणून काय मजा? आपल्याच पाखरांतून काढायचं. करड्याच्या नातवंडांत एकाकडे पिवळा रंग घालवायचा गुण आहे, दुसरीकडे राखाडी घालवायचा. दोन्ही एकाच पिल्लात आले, की पिवळा गेला, राखाडी गेला. खाली उरतं ते पांढरं."

"म्हणजे काढत काढत जायचं."

"बरोबर. काढत काढत," म्हणता म्हणता त्यांना ठसका लागला. समोरच्या पिंजऱ्यातून करड्याने लगेच साथ दिली.

काम सोडून बरेच दिवस झाले तरी खोकला कमी व्हायचं नाव घेईना. उलट जिन्याच्या प्रत्येक वळणावर काका थांबायला लागले. कठड्याला धरून उभे राहायचे आणि वरून कोणी बघितलं की खाली वाकून चप्पल नीट केल्याचं नाटक करायचे. पँट कमरेवर राहीना. संध्याकाळी अंगात हुडहुडी भरायची, सकाळी पुन्हा ठीक.

"आत मुरलेली पावडर आहे, हळूहळू निघेल," बायको म्हणायची. पण आता तिचा आवाज पूर्वीसारखा ठाम नव्हता.

मध्येच साळुंकीच्या मामाने नवं घर घेतलं आणि आठवडाभर राहायला बोलावलं. पाखरांचं दाणापाणी शेजारणीवर सोपवून, तिला छप्पन सूचना देऊन काका नाइलाजाने निघाले. आणि मामाकडे काय व्हावं? दोन-तीन दिवसांत गडी खुलला! दोनदा मागून जेवला, मामाबरोबर टेकडीवर फिरून आला, रात्री सलग झोपला.

"हवापालट हो," मामी म्हणाली.

परत आल्यावर काका चप्पल न काढताच आतल्या खोलीत घुसले. शेजारणीने दाणे घातले होते, पण ट्रे कोण साफ करणार? काकांनी एकेक ट्रे खरवडला, झटकला, पिंजऱ्यांच्या जाळ्या कुंच्याने झाडल्या. खोलीत धुकं पडल्यासारखं झालं. करड्याने एवढ्या दिवसांनी मालक दिसला म्हणून पंख फडफडवून स्वागत केलं.

संध्याकाळी दोन पांघरुणांखाली काका थडथड उडत होते. ओठ निळसर. बायको पायाला चोळत बसली होती. साळुंकी दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं.

"बाबा, मामाकडे तुम्ही एकदाही खोकला नाहीत."

काकांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

"एकदाही नाही. आणि आज ट्रे साफ केल्याबरोबर..."

"तिथली हवा वेगळी," काका पांघरुणातून म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. इथल्या हवेत काय आहे?"

"गप्प बस! फार शहाणी झालीस."

साळुंकीला ते आजवर असं कधी बोलले नव्हते. बायकोचा हात त्यांच्या पायावर तसाच थांबला. तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीशी फरशीवर पांढरी रेघ साचली होती. सकाळीच तर पुसली होती.

दुसऱ्या दिवशी अंडी फुटली. तीन पिल्लांच्या अंगावर पिवळी लव, चौथ्याच्या अंगावर पांढरी! आणि मिटलेल्या पापण्यांमागे डोळे काळे नाहीत, लाल. पिवळाही गेला, राखाडीही गेला! काकांनी घरट्याच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक फुटलीच नाही. नुसती शिटी वाजली. ते भिंतीला धरून खाली बसले. साळुंकीने त्यांना पाहिलं तेव्हा ते हसत होते, आणि त्यांची नखं जांभळी पडली होती.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो प्रकाशासमोर धरला. बराच वेळ बघितला.

"काम काय करता?"

"कवळ्या करायचे," बायकोच बोलली. "ती पावडर असते ना, गुलाबी. पण काम सोडून झाले चार महिने."

"आणि सोडल्यावर त्रास वाढला?"

बायकोने होकाराची मान हलवली.

"घरात पक्षी आहेत का?"

"नाही," काका म्हणाले. इतक्या पटकन, की डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"एकवीस," बायको म्हणाली.

"बावीस!" काकांच्या तोंडून निघून गेलं. पांढरं पिल्लू तिने धरलंच नव्हतं! मग त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी फोटो त्यांच्याकडे फिरवला. त्यातल्या जाळीसारख्या पांढऱ्या रेघांवर पेन फिरवलं. "पिसांच्या पुडीने हे फुप्फुस सगळं कडक झालंय. ते परत मऊ होणार नाही. उरलंय तेवढं सांभाळायचं. पक्षी घरात नकोत, आणि तुम्ही तर त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही."

"एकच ठेवला तर? छोटासाच आहे."

"एकाचीही पूड तीच असते, काका."

बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली ती उठेचना. "मीच सांगितलं काम सोडा म्हणून. पट्टी बांधून तरी बसत होतात तिकडे. मीच दिवसभर त्या खोलीत कोंडलं तुम्हाला."

"तू कुठे कोंडलंस? मी आतून कडी लावून बसलो होतो," काका म्हणाले, आणि तिला उठायला हात दिला. उठली ती, पण आधार दिला तो तिनेच.

लाल डोळ्यांचं पिल्लू अजून आईबापांच्या चोचीतून खात होतं. त्याला आत्ता हलवलं असतं तर ते गेलं असतं. मग असं ठरलं, की पाखरं जाईपर्यंत काकांनीच जायचं, मामाकडे. स्वतःच्याच घरातून बॅग घेऊन निघालेला माणूस जिन्यात साळुंकीला सांगत होता: राळा चाळून घाल, पाण्यात बोट घालून बघ, पेटीत सारखी डोकावू नकोस. मायलेकी तोंड बांधून सगळं करत राहिल्या. रोज फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की दोन शब्द, पिल्लाचं विचारायचं म्हणजे अर्धा तास.

"पंख फुटले?"

"फुटले. पांढरेशुभ्र!"

"गालावर काही?"

"काही नाही. बाबा, खरंच काही नाही."

"फोटो नको पाठवूस. फोटोत पांढरा कधी खरा दिसत नाही. मी बघेन."

गावाबाहेर मोकळ्या जागेत एका बाईंनी पाखरांसाठी मोठं जाळीचं घर बांधलं होतं. त्यांनी सगळी एकत्र न्यायचं कबूल केलं. त्या दिवशी सकाळी मामा काकांना घेऊन आला, पण इमारतीत नाही. समोरच्या फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर काका बसले. रस्ता ओलांडून यायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं.

पिंजरे एकेक करून खाली आले, चादरींनी झाकलेले. टेम्पोत चढताना कुठल्या तरी चादरीखालून खोकल्याचा आवाज आला. काका पिंजरे मोजत राहिले. शेवटचा आला नाही तेव्हा ते उभे राहिले.

तिसऱ्या मजल्यावरची, पाखरांच्या खोलीची खिडकी उघडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. बायको तोंडाला फडकं बांधून उभी होती, शेजारी साळुंकी. बायकोने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेलं काहीतरी पुढे केलं. मग एका हाताने, अगदी अलगद, त्याचा एक पंख उलगडून धरला.

"दिसलं का, बाबा?" साळुंकीचा आवाज रस्ताभर घुमला. दोन माणसं थांबून वर बघायला लागली.

काकांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली. ऊन खिडकीच्या काचेवर पडलेलं होतं. तिथे बायको होती, लेक होती आणि त्यांच्या मध्ये एक पांढरा ठिपका, जो हातरुमाल असता तरी कळलं नसतं.

"दिसलं का?"

तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल एवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी हात उंच केला आणि दिसल्यासारखा हलवला. खिडकी बंद होईपर्यंत हलवत राहिले.