ऑपरेशनचं केळवण

फुलाबाईंनी ताटाभोवती रांगोळी काढली, संजीवनीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि खणानारळानं तिची ओटी भरली. लग्न कुणाचंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात संजीवनीचं पोट कापायचं होतं, आणि कापायच्या आधी बाईला एकदा पोटभर जेवू घालावं, असं सांगवीच्या या थोरल्या जावेच्या मनानं घेतलं होतं. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, भजी आणि वाटीभर बासुंदी. तूप इतकं वाढलेलं, की पोळी शोधावी लागत होती.

"खा गं," फुलाबाई म्हणाल्या. "परत का असं खायला मिळनार हाय तुला?"

शेजारच्या चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या जेवायला आल्या नव्हत्या, बघायला आल्या होत्या. एकीनं विचारलं, कापलेलं पोट डॉक्टर घरी देतात का. दुसरी म्हणाली, दिलं तर विहिरीत तेवढं टाकू नका. सगळ्या खदखदून हसल्या. घास तोंडात असतानाच संजीवनीला त्या बायकांची शिसारी आली, बोटांवरून मनगटाकडे ओघळणाऱ्या तुपाची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली, कारण ती खात होती. तिसरी पोळी संपत आली होती.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या पोटाच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा बसवला होता. घास कमी जावा, वजन उतरावं, एवढाच त्याचा उद्देश. पण ही बाई लासुर्ण्यात नांदते आणि इकडे पाहुणीनं ताटावर 'नको' म्हणणं म्हणजे घरधनिणीच्या तोंडावर थुंकणं, हे त्या पट्ट्याला कुठलं माहीत? आग्रहाची भाकरी पट्ट्याशी अडायची, तोंडाला फेसकट लाळ सुटायची आणि संजीवनी तोंडाला पदर लावून मोरीकडे धावायची. नोकरी इंदापूरच्या एसटी स्टँडवर, गाड्या पुकारायची. तिचा आवाज तालुक्याच्या ओळखीचा होता. अकलूजची गाडी कुठल्या फलाटाला लागली हे गोड आवाजात सांगायचं, माईक बंद करायचा आणि टेबलाखालच्या पिशवीत ओकायचं. पिशवीला गाठ मारून पुढची गाडी पुकारायची. बाहेरच्या प्रवाशांना यातलं काही कळत नसे.

इतकं सोसून वजन उतरलं म्हणाल, तर तेही नाही. भाकरी अडायची, पण दूध, उसाचा रस, आइस्क्रीम सुळकन खाली जायचं. मग ती त्यांच्यावरच जगू लागली आणि होती त्याहून फुगली. शेवटी पट्टा जागेवरून घसरला. पाण्याचा घोटही टिकेना, तेव्हा डॉक्टरांनी तो दुर्बिणीतून काढून टाकला. आतली सूज उतरू दे, म्हणाले, तीन महिन्यांनी स्लीव्ह करू. म्हणजे पोटाचा बराचसा भाग कापून काढायचा आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवायची. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं, यकृत आक्रसलं पाहिजे, नाहीतर त्याखाली काम करता येत नाही.

आणि नेमक्या त्याच दोन आठवड्यांत केळवणं सुरू झाली. फुलाबाईंनी केलं म्हणून चुलतसासूनं केलं, चुलतसासूनं केलं म्हणून मामेसासूनं. पट्टा निघालेला, घास आता अडत नव्हता, उलटून येत नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच संजीवनीचं जेवण पोटात राहत होतं आणि तिचा हात थांबत नव्हता. नवरा सर्जेराव ऊसवाला माणूस, मनानं चांगला. तो म्हणायचा, माणसं मायेनं बोलावतात, कुणाचं मन मोडू नकोस. घरात मात्र त्यानं डॉक्टरचा नियम कडक पाळला. पातळ म्हणजे पातळ. सकाळी काकवी, दुपारी रस, रात्री बासुंदी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, मग संजीवनीकडे, आणि घरी काय खाल्लं ते विचारलं.

"पातळच दिलं साहेब," सर्जेराव छातीठोकपणे म्हणाला. "काकवी दिली. घरच्या उसाची हाय."

गोडानंच यकृत फुगतं, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तारीख महिनाभर पुढे ढकलली आणि बजावलं, पुढच्या वेळी यकृत असंच दिसलं तर मी हात लावणार नाही, दुसरा डॉक्टर बघा.

परतताना सर्जेराव गाडीत कुरकुरत राहिला, काकवी पातळ नाही तर काय घट्ट असते. पट्टा निघाल्यापासून संजीवनीचं वजन भराभर वाढत होतं. गुडघे इतके गेले होते की स्टँडच्या पायऱ्या ती उलटी होऊन, कठड्याला धरून उतरायची आणि खालची पोरं मोबाइलमध्ये तिचं शूटिंग करायची. ऑपरेशन हुकलं तर पुढचं आयुष्य म्हणजे हेच. मायेनं भरवणाऱ्या सगळ्या हातांचा तिला वीट आला होता. पण दुसऱ्यांना नावं ठेवून काय उपयोग, तोंड तर तिचंच होतं.

या खेपेला तिनं तोंड बंद ठेवलं. ताक, डाळीचं पाणी, भाज्यांचं पाणी. केळवणाचे फोन आले ते तिनं घेतलेच नाहीत. फुलाबाई रुसल्या, त्यांना रुसू दिलं. सर्जेरावानं काकवीची बरणी काढली तेव्हा तिनं ती त्याच्यादेखत गोठ्यात गुरांच्या आंबोणात ओतली. भुकेनं डोकं ठणकायचं, माणसं बघितली की संताप यायचा, पण दिवस निघत होते.

ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी तिची आई प्रयागबाई स्टँडवरच्या केबिनच्या दारात उभी राहिली. कोऱ्हाळ्याहून बारामतीला, तिथून गाडी बदलून इंदापूरला, सत्तरी उलटलेली म्हातारी एकटी आली होती. काखेत फडक्यात बांधलेला डबा. डबा उघडला आणि केबिनभर वेलदोड्याचा वास सुटला. प्रयागबाईनं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि लेकीच्या तोंडासमोर धरला. नखांत पीठ अडकलेलं, तूप कोपराकडे निघालेलं. संजीवनीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नको, आये."

"येकच घास."

"येक पन नको. परवा डॉक्टर माघारी लावून देईल मला."

म्हातारीचा हात तिथंच राहिला. आईच्या हातचा घास संजीवनीनं जन्मात कधी परतवला नव्हता. पट्टा असताना सुद्धा ती घास गिळायची आणि मागच्या दारी जाऊन ओकून यायची.

"कापल्यावर तरी खाशील का माज्या हातचं?" प्रयागबाईनं विचारलं.

"खाईन की. वाटीभर."

"वाटीभर खानाऱ्या लेकीसाठी मी चूल पेटवायची व्हय?"

प्रयागबाईनं घास डब्यात ठेवला, झाकण लावलं, बोटं पदराला पुसली. मग हळूच म्हणाली, "मग मी आता तुज्याकडं यून करायचं काय?"

त्या दोघींमध्ये आजवर 'जेवलीस का' आणि 'अजून घे' यापलीकडे बोलणं असं झालंच नव्हतं. कुणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, तेसुद्धा ताटावर बसूनच सांगायचं. तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि आईला जवळ बसवून घेतलं. प्रयागबाई बसली. रिकामे हात मांडीवर घेऊन बाहेरची माणसं बघत राहिली.

बारामतीची गाडी लागली. संजीवनीनं ती पुकारली, मग आईला फलाट दाखवला. प्रयागबाई डबा काखेत मारून उठली, "येते" म्हणाली आणि गेली. पुढच्या वेळी काय करून आणू, हे न विचारता ती पहिल्यांदाच निघाली होती.

गाडी स्टँडबाहेर पडली तरी केबिनमध्ये पोळीचा वास तसाच होता. संजीवनीला सपाटून भूक लागली होती. तिनं ताकाचा पेला उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.